आठवा इलेक्ट्रॉन

माझ्या लेकीने भरल्या सभागृहात माझी अक्कल काढली आणि मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, म्हणून वाजवल्या.

मी चित्रकार. म्हणजे प्रदर्शनं भरवणारी नव्हे. शाळेच्या पुस्तकांत बेडकाचं काळीज, फुलाचा उभा छेद, पंपाचा दट्ट्या असलं काढून देणारी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी विज्ञानाच्या पुस्तकासाठी ऑक्सिजनचा अणू काढला होता. मधे केंद्रक, त्यात आठ भरीव गोळे प्रोटॉनचे आणि आठ पोकळ न्यूट्रॉनचे. भोवती दोन कक्षा. आतल्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन, बाहेरच्या कक्षेत सहा. पुस्तक लिहिणाऱ्या मास्तरांनी मला सगळं समजावून सांगितलं. प्रोटॉनवर धन प्रभार, इलेक्ट्रॉनवर ऋण. आठाला आठ, म्हणजे अणूची कुणाशी तक्रार नाही. आणि न्यूट्रॉन? तो मधोमध बसूनही ना अध्यात ना मध्यात, आमच्या ह्यांच्यासारखा.

केंद्रक फार मोठं झालंय, हेही मास्तरांनीच सांगितलं. केंद्रक मोहरीएवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन साठ-सत्तर पावलांवर जातील म्हणाले.

"मग काढू कसं?" मी विचारलं.

"कसंही काढा, बाई. खऱ्या मापाने काढलंत तर पान कोरंच दिसेल."

म्हणून मी आकृतीखाली 'आकृती प्रमाणात नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. छापखान्याने जागा पुरत नाही म्हणून नेमकी तीच ओळ उडवली.

चित्र द्यायच्या दिवशी छापखान्याचा माणूस दारात उभा होता आणि चार वर्षांची चिमी तापाने फणफणून माझ्या मांडीवर होती. सात इलेक्ट्रॉन काढून झाले होते. "मला एक दे ना गं," म्हणून तिने भोकाड पसरलं, माझ्या हातातला ब्रश ओढला आणि आठवा ठिपका स्वतःच टेकवला. कक्षेच्या बाहेर, बाकीच्यांपेक्षा चांगला जाडजूड. मग माझ्याकडे वळून ती अशी काही हसली की ताप पळालाच असं वाटलं. पांढरा रंग लावून, वाळवून, तो ठिपका नीट करायला अर्धा तास पुरला असता. मी केला नाही. मास्तरांच्या नजरेतूनही तो सुटला. अठ्ठावीस वर्षं पुस्तकात तोच अणू छापून आला, आणि चिमी स्वतःही त्याच पुस्तकातून शिकली. चित्र माझं आहे हे तिला माहीत होतं. ठिपक्याचं मात्र मी कधी बोलले नाही. काही गोष्टी आपल्यापाशीच ठेवाव्याशा वाटतात.

आता चिमीला सगळे मॅडम म्हणतात. भौतिकशास्त्र शिकवते, नव्या पुस्तकाच्या समितीवर आहे. या पुस्तकात पहिल्यांदाच चित्रकारांची नावं छापणार होते, अगदी जुन्यांचीसुद्धा. माझं नाव आजवर एकाही पुस्तकात आलेलं नाही. मी कधी मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं.

"देते गं नाव," ती म्हणाली होती. "तू कार्यक्रमाला ये."

मी ठेवणीतले कपडे काढले, इस्त्री केली, वेळेच्या आधी जाऊन बसले. सभागृह शिक्षकांनी भरलं होतं. चिमीने पडद्यावर माझा अणू दाखवला, भिंतीएवढा. ऊर कसा भरून आला होता माझा!

"असल्या आकृत्या बघून आपण शिकलो," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉन असे ग्रहांसारखे फिरत नसतात. तो नेमका कुठे आहे ते सांगताच येत नाही, कुठे सापडण्याची शक्यता जास्त आहे एवढंच सांगता येतं. केंद्रक बघा केवढं! 'प्रमाणात नाही' अशी साधी एक ओळ खाली नाही. आणि हे महाशय बघा." तिने काठी आठव्या ठिपक्यावर टेकवली. "हे बहुतेक जेवून शतपावलीला निघालेत. कक्षा म्हणजे काय, हे काढणाऱ्याच्या गावीही नव्हतं."

सभागृह खो खो हसलं, टाळ्याही पडल्या.

"मॅडम, पण हे काढलं कुणी?" मागून एका शिक्षकाने विचारलं.

आता सांगेल, मला वाटलं. चेष्टा केली, आता सांगेल. ती समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायली.

"असेल कुणीतरी. तेव्हा नावं छापायची पद्धत नव्हती."

नवं पुस्तक सगळ्यांना वाटलं. मी शेवटचं पान उघडलं. तेरा चित्रकारांची नावं होती. माझं नव्हतं.

परतताना टॅक्सीत बराच वेळ ती फोनमध्येच होती. मग म्हणाली, "आई, रागावू नकोस. नाव दिलं असतं तर समितीत बसून आईला घुसवलं म्हणाले असते."

"आणि अक्कल काढली नसतीस तर काय म्हणाले असते?"

"अगं, ते चित्राबद्दल होतं."

"तो बाहेरचा ठिपका तुझा आहे," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. ताप, ब्रश, दारातला माणूस. "तूच म्हणालीस ना, इलेक्ट्रॉन कुठे असेल सांगता येत नाही? मग त्या चित्रात खरा तेवढा तुझाच."

ती हसेल असं वाटलं होतं. निदान माझ्याकडे बघेल.

"मग तेव्हाच खोडायचा होतास ना," ती म्हणाली, आणि परत फोनमध्ये गेली.

घरी आल्यावर मी छापखान्यातून तेव्हाच परत आलेलं मूळ चित्र कपाटातून काढलं. कागद पिवळा पडलाय, शाई मात्र तशीच आहे. पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, बारीक ब्रश घेतला आणि आठव्या ठिपक्यावर दोन हात दिले. हात अजून थरथरत नाही माझा.

आता आत आठ प्रोटॉन आहेत आणि बाहेर सात इलेक्ट्रॉन. हा अणू आता पहिल्यासारखा राहिला नाही, एक कमी पडतो, हे मला कळतं. तेवढं विज्ञान मलाही येतं.