नांदेडच्या जागचं भोक

मी एक नकाशा बोलतोय. गोदावरीपासून मांजरेपर्यंतचा मुलूख अंगावर घेतलेला, एका माणसानं दोन्ही हात पसरले तरी कवेत न मावणारा. एवढं मोठं धूड आणि लाजेनं मान खाली घालून बोलतंय, हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण वाटतेय लाज, त्याला मी तरी काय करू?

माझा जन्म हैदराबादचा, निजामाच्या अमदानीतला. चांगल्या जाड कागदावर मला छापलं, पाठीला कापड चिकटवलं. नद्यांचा निळा रंग एका कारागिरानं हातानं भरला आणि गावांची नावं उर्दूत, वळणदार अक्षरात लिहिली. लातूरच्या कचेरीत मी आलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! राज्य बदललं, साहेब बदलले, मी आपला भिंतीवर.

त्या कचेरीत मारोती नावाचा शिपाई होता. दौऱ्यावरचे साहेब आले की मला पुसून, सरळ करून, छडीनं गावं दाखवायचं काम त्याचं. उर्दू त्याला वाचता येत नव्हतं. पण नद्या-नाल्यांच्या अंदाजानं सगळी गावं त्यानं पाठ केली होती. साहेबानं नाव घ्यायचा अवकाश, छडी त्या ठिपक्यावर जायची, आणि तीही अलगद, मला न टोचता.

पुढं कचेरीत नवा नकाशा आला, मराठीतला. मला गुंडाळून जिन्याखाली टाकलं. तिथं उंदरांनी कोपरा कुरतडला, तेव्हा मारोतीला कीव आली. साहेबांना विचारून त्यानं मला रेणापूरजवळच्या आपल्या गावी नेलं.

त्याचं घर बुद्धवाड्यातलं, मातीच्या माळवदाचं. वरून माती झडायची, ताटात पडायची. त्याची बायको पंचशीला मला बघून म्हणाली, "बरं झालं आणलं. धुऊन काढते. कापड चांगलं हाय."

"येडी का काय!" मारोती ओरडला. "धुतलं तर आख्खा जिल्हा वाहून जाईल की!"

मग धुण्यातून मी वाचलो आणि तुळयांखाली छत म्हणून ताणला गेलो. तोंड खाली, पाठीवर माती. कचेरीतला मी, आणि आता फोडणीचा धूर खातोय, पोरांची भांडणं ऐकतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी पाहुणा आला आणि त्यानं वर पाहिलं की वाटायचं, पापण्या असत्या तर मिटून घेतल्या असत्या.

मारोतीची मुलगी बुद्धप्रिया माझ्याखालीच लहानाची मोठी झाली. ती नर्स झाली, नांदेडला नोकरीला लागली, तिथंच तिचं लग्न झालं.

आणि मारोती निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. खाट माझ्याखालीच होती. सुरुवातीला तो नुसता माझ्याकडे बघत पडून राहायचा. मग एक दिवस डाव्या हातानं त्यानं उशाची लांब काठी उचलली आणि टोक माझ्या मांजरा नदीवर टेकवलं.

पंचशीला बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. "पाणी?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली.

तिथून पुढं मी त्या घरातली बोली झालो. माझ्यावरची गावं मारोतीनं तिला पूर्वीच दाखवून ठेवली होती. मांजरेवर काठी म्हणजे पाणी. लातूरवर काठी म्हणजे दुखतंय, डॉक्टरला बोलाव. आणि नांदेडवर काठी म्हणजे बुद्धप्रिया.

मांजरेला तो फार त्रास देत नसे. नांदेडला मात्र दिवसभर द्यायचा. हात थरथरायचा, काठी घासायची. पूर्वीचा अलगदपणा आता कुठून येणार? ठिपक्यावरचा रंग गेला, मग नाव गेलं, मग कागद फाटला आणि शेवटी कापडही विरलं. नांदेडच्या जागी भोक पडलं. त्यातून त्याच्या तोंडावर माती झडायची, तरी काठी तिथंच. मी त्याच्यावर चिडायचो, हे सांगताना आज जीभ अडखळते.

पंचशीला फोन लावायची. "बाबा बलवायलेत गं. ये एकदा."

पलीकडून बुद्धप्रियाचा दमलेला आवाज यायचा. "माय, त्यांना बोलता येत न्हाई. बलवतील कसं? तुला करमत न्हाई म्हणून त्यांचं नाव घेतीस. ड्युटी लई हाय. येते सवडीनं."

ती आली ती मारोती गेल्यावर, त्याच्या जलदान विधीला. माणसांनी घर भरलं होतं. तिनं वर पाहिलं, भोक पाहिलं, आणि उंदरांनी केलं असेल असं समजून नजर खाली घेतली. पंचशीलानं त्या दिवशी भोकाची गोष्ट काढली नाही. लेक आधीच ढसाढसा रडत होती, तिला आणखी कशाला रडवायचं?

पुढं माळवद पाडून स्लॅब टाकायचं ठरलं आणि मी खाली उतरलो. जुन्या वस्तू शोधत तनुजा नावाची संग्रहालयातली बाई गावात आली होती. नांदेडला नवं दालन होत होतं. मला बघून तिचे डोळे चमकले. पंचशीलानं मला देऊन टाकलं, एकाच अटीवर.

"बाई, तेवढं भोक बुजवू नका. माझ्या मालकाची बोलायची जागा हाय ती. माझ्या लेकीला दाखवायची हाय."

"नाही बुजवणार, मावशी," तनुजा म्हणाली. खोटं बोलत नव्हती ती. तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

नांदेडला माझी फार बडदास्त ठेवली. मऊ ब्रशनं धूळ झाडली, रबराच्या चुऱ्यानं काजळी टिपली, दमट हवेत ठेवून सुरकुत्या काढल्या. चौकट करायला उदगीरकडचा मडिवाळप्पा आला. देवांच्या आणि घरातल्या वारलेल्या माणसांच्या तसबिरी मढवण्यात त्याची हयात गेलेली. तो गोंदाचा डबा घेऊन आला, तेव्हा तनुजानं त्याचा हात धरला. "चिकटवायचं नाही, मामा. कागद हवेनं फुगतो, आकसतो. वरच्या काठाला पातळ कागदाच्या पट्ट्या लावून पुठ्ठ्यावर नुसता टांगायचा. काच अंगाला लागू द्यायची नाही."

मडिवाळप्पानं सगळं ऐकलं. सागाची सुंदर चौकट केली. आणि सवयीनं वर दोन पितळी आकडे ठोकले.

"हे कशाला?"

"हार अडकवायला की, मॅडम," तो भाबडेपणानं म्हणाला. मग जीभ चावून त्यानं आकडे उपटले.

सगळं झाल्यावर संग्रहालयाचे मोठे साहेब बघायला आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, नांदेडच्या संग्रहालयात नकाशा लावायचा आणि त्यात नांदेडच नाही? पाहुणे पहिल्यांदा काय शोधतील? आपलं गाव! बुजवा ते."

तनुजा म्हणाली, "सर, त्या मावशींना शब्द दिलाय."

"उद्घाटन मावशी करणार आहेत का?"

तनुजानं खळ शिजवायला घेतली. भोकावर डागडुजीचा पातळ जपानी कागद बसला, रंग लागला, एका जाणकारानं जुन्या वळणात नांदेड लिहून दिलं. आणि मी काय केलं? मी खूश झालो. होय, खूश झालो! धुराचे, मातीचे, त्या खाटेचे दिवस अंगावरून पुसले गेले असं वाटलं. उद्घाटनाला पाहुण्यांनी बरोबर नांदेडवर बोट ठेवून फोटो काढून घेतला. मी छाती फुगवून उभा.

त्यानंतर काही दिवसांनी पंचशीला आली. पांढरं लुगडं, पायात नव्या चपला. तिनं बुद्धप्रियाला हाताला धरून आणलं होतं. माझ्यासमोर येताच ती म्हणाली, "तुला खोटं वाटायचं न्हवं? बघ. काठीनं बलवून बलवून..." आणि थांबली. काचेजवळ गेली. पदरानं काच पुसली. गोदावरीवरून बोट फिरवत खाली आली, परत वर गेली.

"माय, इथं तर काहीच न्हाई," बुद्धप्रिया हळूच म्हणाली.

"होतं गं. मी खोटं बोलत न्हाई. त्यांना बोलता येत न्हवतं म्हणून काठी लावायचे. पाण्याला मांजरेवर, तुला नांदेडवर. एवढं भोक पडलं होतं." तिनं बोटांनी दाखवलं. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

त्या क्षणी त्या चौकटीत मला उभं राहवेना. मारोतीच्या काठीनं जिथं माझं अंग झिजलं त्याच जागी नवं नाव मिरवत होतो मी, आणि त्यापायी ही बाई स्वतःच्या लेकीपुढं खोटी पडत होती.

तनुजा मागं येऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "होतं," ती म्हणाली. "तुमच्या आई खरं सांगताहेत. मी बुजवलं. शब्द देऊन बुजवलं."

बुद्धप्रिया काचेजवळ सरकली. तिला जलदान विधीचा दिवस आठवला असावा. वर पाहिलेलं ते भोक आठवलं असावं. तिनं नांदेडवर तळहात ठेवला.

"निघतंय का ते?" तिनं विचारलं.

"निघेल. गव्हाच्या खळीनं लावलंय, ओलं केलं की सुटतं. पण साहेब विचारतील. लोकही विचारतील."

"विचारू द्या. सांगा त्यांना, एका बापानं पोरीला बलवून बलवून पाडलंय आन् पोरगी गेली न्हाई. माझं नाव सांगितलं तरी चालतंय."

पंचशीला तिला जवळ घेऊ लागली, तर ती भिंतीकडे तोंड करून रडली.

आज सोमवार, संग्रहालय बंद. माझी काच काढलीय, मी टेबलावर पडलोय. तनुजा ओल्या कापसानं नवं नांदेड भिजवतेय. मडिवाळप्पा शेजारी उभा आहे, त्यानं टोपी काढून हातात धरलीय. कागदाची कड सुटायला लागली आहे. साहेब उद्या काय म्हणतील, ठाऊक नाही.

तुम्ही कधी आलात आणि नांदेड सापडलं नाही, तर हसू नका. आणि तुम्हाला घरून कुणी बोलावत असेल, तर माझ्यासमोर फार वेळ उभे राहू नका. निघा.