दगडी भिंतीवरचा संघ

टाइग हॅनिफीने आपल्या शेतातला सर्वांत सपाट तुकडा आयर्लंडमधल्या ड्रमानी गावच्या संघाला, हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळायला, देऊन टाकला. तो बटाट्यांसाठी राखून ठेवा, असे त्याची बायको शेवटपर्यंत सांगत होती. टाइगचा मुलगा मलाखी याने त्या मैदानाभोवती दगडी भिंत रचली, भिंतीलगत ॲशची रोपे लावली, आणि ती झाडे वाढली तशा त्यांच्या बुंध्यांतून गावच्या पोरांना खेळायच्या बाकदार काठ्या मिळत गेल्या. मलाखीचा मुलगा कॉलमन संघाचा कप्तान झाला आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, चषक घेऊन आला. गावात आलेला तो पहिला चषक, आणि अखेरचाही. या कॉलमनची थोरली लेक अट्राक्टा.

अट्राक्टाने काठी कधी हाती धरली नाही. तिने दोन खोल्यांची गावची शाळा चालवली, आणि शाळेला कुलूप लागल्यावर क्लबचे अध्यक्षपद घेतले. वयाची पंचाहत्तरी उलटली तरी गाव तिला 'मिस' म्हणूनच हाक मारी. मैदानावर धावणाऱ्या प्रत्येकाचे नाक तिने कधी ना कधी पुसलेले होते, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे.

शाळेआधी दूधसंकलन केंद्र गेले होते, शाळेनंतर टपाल कचेरी गेली. पोरे डब्लिनला गेली, तिथून ऑस्ट्रेलियाला गेली, आणि नाताळात फोनच्या पडद्यावर दिसू लागली. पुढे ॲशच्या झाडांना रोग लागला. भर उन्हाळ्यात पाने काळी पडून गळत, आणि मलाखीने हौसेने लावलेली ती रांग भिंतीलगत वाळलेल्या हातांसारखी उभी राहिली. संघात पंधरा माणसे लागतात. ती भरण्यासाठी चाळिशी ओलांडलेला तिचा भाचा डेक्लन कप्तान म्हणून अजून खेळत होता, आणि गोलात उभा राहणारा फर्सा दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून येत होता. अट्राक्टा दर रविवारी भिंतीशी उभी राही. थांबवता येण्याजोगे काही असते तर तिने ते कधीच थांबवले असते.

त्या वर्षी काउंटी समितीने निर्णय दिला. सर्वांत खालच्या गटात जो संघ तळाला राहील, त्याचे स्वतंत्र नाव मिटेल आणि त्याची माणसे गॉर्टमोर शहराच्या मोठ्या क्लबात जातील. तळाला दोनच संघ होते: ड्रमानी आणि डोंगरापलीकडचे क्लूनारा. शेवटचा सामना या दोघांतच होता, आणि तो टाइगच्या मैदानावर होता. जिंकेल त्याचे नाव राहणार, हरेल त्याचे पुसले जाणार.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी क्लूनाराची आठच माणसे आली. उरलेले पाच जण डब्लिनहून एका मोटारीत येत होते, आणि महामार्गावर एक लॉरी आडवी झाल्याने मैलभराच्या रांगेत अडकले होते. पंधरा नाही तरी निदान तेरा माणसे उभी केल्याशिवाय सामना सुरू होत नाही, आणि अर्ध्या तासात ती उभी राहिली नाहीत, तर समोरचा संघ न खेळता जिंकतो.

पंच सेनान घड्याळ बघत अट्राक्टाजवळ आला. तोही तिचाच विद्यार्थी.

"मिस, वेळ होत आली. मी शिट्टी वाजवली की सामना तुमचा."

"आत्या, तू आता एक अक्षर बोलू नकोस," डेक्लन घाईघाईने म्हणाला. "नुसती उभी राहा. जिंकतोय आपण."

"उभं राहूनच जिंकायचं होतं, तर काठ्या कशाला आणल्यास रे?"

"मिस, माझ्या गुडघ्यांना विचारा!" गोलाच्या खांबाला टेकून फर्सा ओरडला. "त्यांचं मत आहे, असंच जिंकावं!"

पोरे हसली. अट्राक्टा हसली नाही. तिलाही ती शिट्टी हवी होती. इतकी हवी होती की तिने कोटाच्या खिशात मूठ आवळून धरली होती. एक शिट्टी, आणि ड्रमानीचे नाव आणखी एक वर्ष कागदावर राहिले असते. पण तिची नजर मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या जुन्या निळ्या मोटारीकडे वळली. त्या मोटारीत क्लूनाराचा जार्लथ फॉरड बसला होता. कॉलमनने चषक जिंकला त्या दिवशी समोरच्या संघात खेळलेल्यांपैकी आता तो एकटाच हयात होता.

त्या दिवशीची गोष्ट अट्राक्टाला डोळ्यांसमोर दिसे. अंतिम सामना दुपारचा होता, आणि त्याच सकाळी मलाखीला माती द्यायची होती. पण रात्रभराच्या पावसाने थडग्यात पाणी भरले. दुसरा खड्डा खणावा लागला, आणि शवपेटी खांद्यावर घेणारे सगळे संघातलेच. ते गुरांच्या लॉरीतून गॉर्टमोरच्या मैदानावर पोचले तेव्हा सामन्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. चषक गेला असे धरूनच कॉलमन उतरला, आणि आठ वर्षांची अट्राक्टा त्याचा हात धरून उतरली. पाहतात तो क्लूनाराचा अख्खा संघ मैदानाच्या दगडी भिंतीवर सफरचंदे खात बसलेला! त्यांचा कप्तान भिंतीवरून खाली उडी मारून म्हणाला, "झाली माती नीट? चला मग, काठ्या घ्या." क्लूनारा तो सामना एका गुणाने हरले, आणि पुन्हा कधी अंतिम सामन्यापर्यंत पोचले नाहीत. कॉलमनने आभार मानले नाहीत. त्याला ते जमले नाही. मरणापूर्वी मात्र तो लेकीला म्हणाला होता, "क्लूनाराचं देणं राहिलंय ग."

जार्लथ मोटारीतून उतरून काठी टेकत येताना दिसला.

"कॉलमनच्या पोरी, घे तो सामना."

"तुम्ही मधे पडू नका, जार्लथ."

"पडायची तर मला भीतीच वाटते. खुब्याचं हाड एकदा मोडून झालंय. पण ऐक माझं. तुझ्याकडे मयत होती. आमची पोरं नुसती रस्त्यात अडकलीत. या दोन गोष्टी सारख्या नाहीत."

"थडग्यात पाणी भरलं, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

म्हातारा घुटमळला. "नाही. खरं सांगू? आम्हाला वाटलं, माती देऊन सगळे दारूच्या दुकानात बसले असतील."

"आणि तरी थांबलात."

"तरी थांबलो," जार्लथ पुटपुटला. "का, ते आता मलाही सांगता यायचं नाही."

"मग लॉरीचं निमित्त मी तपासत बसणार नाही." ती पंचाकडे वळली. "सेनान, शिट्टी खिशात ठेव."

"मिस, नियम असा आहे की—"

"नियमाने सामना मागायचा हक्क मला आहे. तो मागितलाच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

"नाही, मिस," सेनान म्हणाला, आणि त्याने शिट्टी खिशात टाकली.

डेक्लनने हातातली काठी गवतावर आपटली. "आत्या, माझी पोरं कुठे खेळतील? गॉर्टमोरात त्यांना बाकावर बसवतील! तुझ्या वडिलांच्या मानासाठी आमचं गाव घालवतेस?"

तो म्हणत होता ते खरे होते, आणि ती करत होती त्याखेरीज दुसरे तिला करता येण्यासारखे नव्हते.

"भिंतीवर बसा सगळे," ती म्हणाली.

पंधराजण मलाखीच्या भिंतीवर जाऊन बसले. डेक्लन सर्वांत शेवटी बसला, तिच्याकडे पाठ करून. हॅमच्या सँडविचचे डबे उघडले, थर्मासमधला चहा निघाला, आणि थोड्या वेळाने क्लूनाराचे आठजणही ओशाळत येऊन शेजारी टेकले. फर्साने त्यांना जागा करून दिली. ऊन डोंगराकडे कलू लागले तेव्हा फाटकातून मोटार आत शिरली आणि पाच पोरे एकावर एक पडत बाहेर आली.

"जेवलात का रे?" अट्राक्टाने विचारले.

"नाही, मिसेस. माफ करा, आम्ही—"

"कारण मी विचारलेलं नाही. अर्धं अर्धं सँडविच खा. चला मग, काठ्या घ्या."

सामना सुरू झाला. अट्राक्टा भिंतीशी उभी राहून देवापाशी सरळ सरळ विजय मागत होती. थांबण्याचे देणे आपण फेडले, आता जिंकण्यास हरकत नाही, असा हिशेब तिने मनाशी घालून ठेवला होता. पहिली काही मिनिटे तो हिशेब जुळेलसेही वाटले. डेक्लनने रागाच्या भरात दोन चेंडू आडव्या दांड्यावरून पार धाडून दोन गुण मिळवले. पण जी पाच पोरे मोटारीतून उतरली होती ती तरणी होती, आणि ड्रमानीचे पाय म्हातारे होते. क्लूनाराची दोन माणसे कमी असूनही चेंडू त्यांच्यापाशीच राहू लागला. फर्सा एका चेंडूसाठी आडवा झाला आणि त्याला उठवायला दोघांना धावावे लागले. अट्राक्टा आधी ओरडली, मग नावे घेऊन ओरडली. वर्गात छडी आपटली की सगळे थांबत असे. इथे काहीच थांबत नव्हते. ड्रमानी सात गुणांनी हरले. एका गुणाने हरण्याचा मानही त्यांच्या वाट्याला आला नाही.

कोणी रडले नाही. डेक्लनने सगळ्यांच्या घामेजलेल्या जर्सी गोळा करून पिशवीत भरले, पिशवी आत्याच्या पायाशी आणून ठेवली आणि पोरांना घेऊन गेला. क्लूनाराच्या पोरांनी जल्लोष केला नाही. त्यांच्यातला एक जण वाळलेल्या ॲशच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभा होता.

अट्राक्टा फाटक लावायला गेली, तेव्हा जार्लथ तिथे टोपी हातात घेऊन तिची वाट पाहत होता.

"पुढच्या वर्षी आमचीही हीच गत," तो म्हणाला. "पाच पोरं किती दिवस मोटार हाणत येतील?"

"ते मला ठाऊक आहे."

"तुझं नाव मात्र आधी गेलं, पोरी. आणि तू आपल्या हाताने घालवलंस."

"थांबले ती मी. हरले नाही मी, हरवलं तुमच्या पोरांनी. सामना मला द्यायचा नव्हता, जार्लथ."

म्हातारा मान हलवत राहिला. "आम्हालाही नव्हता द्यायचा ग. आम्हीही थांबलो होतो ते जिंकायलाच." त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते हात काठीने वर्षानुवर्षे घट्टे पडलेले, लाकडासारखे होते. "कॉलमनला सांग, फिटलं. आम्ही एका गुणाने हरलो होतो, तू सात दिलेस."

अट्राक्टाने फाटकाची कडी लावली. जर्सींची पिशवी उचलून ती चर्चच्या वाटेला लागली. मलाखीच्या शेजारीच कॉलमनला पुरलेले होते, आणि त्याला हे सांगायला आज तरी तिच्यापाशी शब्द होते.