दिवेलागणीची कॉफी

मित्रांनो, मी कॉफीची मशीन आहे. वापरून वापरून कडेला थोडी पिवळी पडलेय, पण जुनी म्हटलेलं मला खपत नाही. आमच्या हट्टा गावात चहाची पातेली घरोघरी आहेत, कॉफीची मशीन मात्र मी एकटीच. मग थोडी ऐट यायचीच की! ज्याला बघवत नाही त्याने डोळे मिटावेत.

कारखान्यातून निघालेल्या माझ्या बहिणी कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत गेल्या. मला पुण्यात नोकरी करणाऱ्या वैजनाथने विकत घेतलं आणि गावी आईवडिलांकडे आणलं. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "खोकं वर टाका." वैजनाथ काही ऐकेना. त्याने मला तालुक्याच्या वसमतपर्यंत मांडीवर धरलं. मांडीवर बसून आलेली मशीन तुम्ही दुसरी पाहिली आहे का?

इतका लाड कशासाठी, तेही सांगते. वैजनाथचे वडील किसनराव दारू प्यायचे. साऱ्या गावाला ठाऊक होतं, मी लपवून काय करू? नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून ते नुकतेच घरी आले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिवसभर काही होणार नाही, पण ज्या वेळेला प्यायची सवय होती ती वेळ भारी पडेल. त्या वेळेला हाताला काहीतरी काम द्या. किसनरावांची ती वेळ म्हणजे दिवेलागण. आणि ते काम म्हणजे मी!

पहिल्या दिवशी किसनरावांच्या बायकोने, शकुबाईंनी, तापवलेलं दूध साखरेसकट माझ्या टाकीत ओतायला घेतलं. वैजनाथ ओरडला, "आई, थांब! त्यात फक्त पाणी!"

"आन् दूध कुठून घालायचं मग?"

"वरून. कपात."

"मंग कॉफी केली कुणी? हिनं का मी?" शकुबाई म्हणाल्या. तेव्हापासून दूध त्यांचं आणि कॉफी माझी, अशी वाटणी झाली. मला ती मान्य आहे.

रोज सूर्य कलला की किसनराव हातपाय धुऊन माझ्यापाशी येत. टाकीत पाणी, गाळणीत पावडर, मग बटण. माझं गुरगुरणं सुरू झालं की शेजारच्या शेतातून जळबा येई. किसनरावांचा हा लहानपणचा दोस्त. तो कप पुढे करून म्हणे, "कडू हाय किसनराव, पण झकास हाय." त्याच वेळी रस्त्यावर एक मोटारसायकल थांबे आणि हॉर्न वाजे. ते किसनरावांचे दारूच्या बैठकीतले जुने सोबती. पूर्वी त्या हॉर्नला किसनराव जेवत्या ताटावरून उठायचे. आता ते ओसरीतूनच हाळी देत, "कॉफी ठेवलीया, या प्यायला!" एकही आला नाही. मोटारसायकल आपली निघून जाई. त्या हॉर्नला मी रोज पुरून उरत होते, मित्रांनो. हे मी माझ्या तोंडाने सांगणार नाही तर कोण सांगणार?

मान तरी किती! खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड आणि ट्रॅक्टरचे पाने यांच्या रांगेत किसनरावांनी मलाही मांडलं. शकुबाईंनी मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. जळबा हसला, "हे कोणतं हत्यार?" किसनराव म्हणाले, "माझं हाय."

पण ती सगळी वरवरची चकाकी होती. आतून माझा जीव गुदमरत होता. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी रोज माझ्या पोटात तापायचं आणि त्यातला क्षार माझ्या नळीत बसत जायचा. घोटभर कॉफीला मी अर्धा अर्धा तास घेऊ लागले. गुरगुरायचे, खोकायचे, नुसतीच वाफ टाकायचे. किसनराव एका जागी बसेनात. फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. "काहून इतका येळ लावून राहिली ही?" म्हणायचे. शकुबाई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहायच्या.

आणि एका संध्याकाळी मी बंदच पडले. लाल दिवा लागला, पण एक थेंब खाली येईना. जळबा रिकामा कप घेऊन बसला होता. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. किसनराव उठले. त्यांनी एका पायात चप्पल सरकवली.

शकुबाई चुलीपासून उठून आल्या. त्या रडल्या नाहीत, आडव्याही आल्या नाहीत. म्हणाल्या, "ऐकलं का? माझ्या पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरी खपली धरती, तशीच हिलाबी धरली आसंल. पाणी एकाच बोअरचं हाय. लिंबं तोडून आणा, आंबटानं निघंल."

"उद्या बघू."

"उद्या न्हाई. आत्ता. एवढं माझं ऐका."

हॉर्न पुन्हा वाजला. किसनरावांनी दुसरी चप्पल घातली आणि ते बाहेर पडले.

आमचं लिंबाचं झाड फाटकाला लागूनच आहे आणि फाटकापलीकडे रस्ता. माणूस लिंबं तोडायला गेला की निघून गेला, हे स्वयंपाकाच्या ओट्यावरून मला कसं दिसणार? शकुबाई हातात फडकं घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. जळबा म्हणाला, "वैनी, मी जाऊन बघू का?" त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब लांब गेला. माझ्यात तेव्हा हूं का चूं करायची ताकद नव्हती. असती तर मी किंचाळले असते.

मग चपला वाजल्या. किसनराव सदऱ्याच्या ओच्यात लिंबं घेऊन आत आले. हात काट्यांनी ओरबाडले होते. "अंधारात काई दिसंना," एवढंच म्हणाले.

मग माझी काय चंगळ, विचारू नका! वैजनाथला फोन लागला. त्याने तिकडून समजावून सांगितलं आणि तिघंही माझ्याभोवती बसले. गाळणीतली पावडर काढली. काचेचं भांडं घासलं. किसनराव लिंबं पिळत होते. रस इकडेतिकडे सांडत होता, पण त्यांनी पिळायचं सोडलं नाही. शकुबाईंनी रस फडक्यातून गाळला, कारण चोथा गेला असता तर नळी पुरतीच तुंबली असती. रसात पाणी मिसळून टाकीत ओतलं. थोडं थोडं करत निम्मं पाणी खाली उतरल्यावर मला बंद केलं. "आता मुरू द्या चांगलं," वैजनाथ म्हणाला होता.

मुरणं म्हणजे वाट बघणं. किसनरावांच्या कपाळावर घाम होता. ते गुडघे हलवत होते. एकदा उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. जळबाने गोष्टी सांगितल्या, त्याही संपल्या. शकुबाई किसनरावांच्या शेजारी बसून राहिल्या.

पुन्हा बटण दाबलं तेव्हा माझ्या नळीतून पांढऱ्या कपच्या निघाल्या. अहाहा! मोकळा श्वास म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मग साध्या पाण्याने धुणं. एकदा धुतलं, आंबट. पुन्हा धुतलं, तरी जरा आंबटच. एव्हाना जेवायची वेळ टळून गेली होती.

"आज कॉफी नगं," शकुबाई म्हणाल्या. "दूध नासंल."

किसनरावांनी माझ्यातून निघालेलं शेवटचं कोमट पाणी तीन कपांत ओतलं. जळबाने घोट घेतला आणि म्हणाला, "लई भारी झालीया कॉफी!" तिघंही हसले. हसता हसता किसनराव थांबले. "आगं," ते शकुबाईंना म्हणाले, "येळ गेली की. कॉफीबिगर गेली." शकुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मला वाटायचं, या माणसाला मीच धरून ठेवलंय. त्या संध्याकाळी मी कॉफीचा एक थेंबही दिला नाही, तरी तो बसून होता. खरं तर माझी ऐट उतरायला हवी होती. पण अशा माणसाच्या घरात मी राहते, याचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका पूजेच्या दिवशीही वाटला नव्हता.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला नुसतं वरून पुसू नका. महिन्यातून एकदा लिंबाचं गाळलेलं पाणी पाजा, मुरू द्या, मग साध्या पाण्याने धुवा. ती खोकायला लागेपर्यंत थांबू नका. आणि तुमच्या घरातलं कोणी एखादी अवघड वेळ काढत बसलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. हातात कॉफी नसली तरी चालेल.