दारातला क्ष

मी सूची करते. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत जी पानं असतात, कोणता शब्द कुठल्या पानावर आहे ते सांगणारी, ती कुणीतरी बसून केलेली असतात हे बहुतेकांच्या गावीही नसतं. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर सहा महिने वाटत होतं की मी याद्या टाइप करते. आता तो लोकांना सांगतो, "आमच्याकडे पुस्तकाचं शेपूट बनतं." मी म्हणते, शेपटाशिवाय म्हशीला माश्या हाकलता येतात का ते आधी बघ.

या कामाला जागा लागते. एका स्क्रीनवर पुस्तक, दुसऱ्यावर नोंदी, तिसऱ्यावर मी आधी काय ठरवलं होतं त्याचं टिपण. त्यासाठी मागच्या खोलीत माझं टेबल होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्यावर तीन मॉनिटर. टेबलावर काच आणि काचेखाली माझ्या हस्ताक्षरात एक कागद: सूची पाठवण्याआधी काय काय तपासायचं. बारा वर्षं तो कागद तिथेच होता.

मग सासऱ्यांचा गुडघा मोडला. त्यांच्या घराला दोन जिने, त्यामुळे आता ते कायमचे आमच्याकडे येणार हे ठरायला वेळ लागला नाही. कॉट कुठे ठेवायची हे ठरवायलाही अक्कल लागत नव्हती, टेप लागत होती. नवऱ्याने मागची खोली दोनदा मोजली. टेबल आणि कॉट यांच्यात एक वीत कमी पडत होती.

बाबांना आणायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. ते मला आवडतात. या घरात माझ्याइतकं फटकळ तेच आहेत. पण टेबल गेलं की माझं काम जाणार होतं, आणि हे तोंडातून काढायची मला लाज वाटत होती. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासमोर आपली सूची काय घेऊन बसायचं? लॅपटॉपच्या टीचभर स्क्रीनवर, स्वयंपाकघरात बसून, हे काम होत नाही. मी करून पाहिलंय. तीन दिवसांत प्रकाशनाच्या संपादकबाईंनी ते परत पाठवलं होतं, वर फक्त एक प्रश्नचिन्ह काढून.

नणंदेला हे न सांगता कळलं. ती इमारतींचे आराखडे करणाऱ्या ऑफिसात आहे. एका संध्याकाळी तिने पिशवीतून एक वस्तू काढली, पोहायच्या चष्म्याची थोरली बहीण असावी अशी.

"वहिनी, हा हेडसेट डोक्याला लाव. ऑफिसच्या कपाटात नुसता पडलाय. यात हवेत मॉनिटर लावता येतात, पाहिजे तेवढे."

"हवेत इमले बांधतात ऐकलं होतं," मी म्हटलं.

"दहा दिवस ठेव. कामाचा निघाला तर पुढचं मी बघते. नाही निघाला तर गुपचूप परत दे."

तेव्हा माझ्या हातात मातीवरचा एक ग्रंथ होता, सातशे चाळीस पानांचा. निम्मी सूची झाली होती, निम्मी बाकी होती, आणि मुदत होती पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचची. मी मनाशी ठरवून टाकलं. ही सूची या वस्तूवर वेळेत झाली तर टेबल जाऊ दे, काम राहील. नाही झाली तर शुक्रवारी संपादकबाईंना फोन करून सांगायचं की यापुढे पाठवू नका. घोडामैदान जवळच होतं.

पहिल्यांदा पट्टा आवळला तेव्हा मी बेतानेच हलत होते. समोर माझीच खोली, तेच कपाट, तोच कळकट स्विचबोर्ड, सगळं जरा मळकट काचेतून बघितल्यासारखं. मग लॅपटॉपमधलं स्वरांच्या नोंदींचं पान मी दोन बोटांच्या चिमटीत धरलं, खिडकीपाशी नेलं आणि सोडलं. ते तिथेच राहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले, तरी ते तिथेच. मला हसूच आवरेना. बारा वर्षं मी ज्या शब्दांना टेबलावर दाटीवाटीने बसवत होते त्यांना आज अख्खी खोली मिळाली होती.

तासाभरात मी सगळी मुळाक्षरं टांगली. स्वर खिडकीत. 'क' पासूनची पाच अक्षरं कपाटावर. 'च' ची कॅलेंडरवर, 'ट' ची स्विचबोर्डवर, 'त' आणि 'प' समोरच्या कोऱ्या भिंतीवर शेजारी शेजारी. 'य' पासून 'ळ' पर्यंतची फळीवर. राहिले क्ष आणि ज्ञ. कॉम्प्युटरवर सोपवलं तर तो 'क्ष' ला 'क' च्या पोटात घालतो, पण आमच्या संपादकबाईंना तो शाळेत म्हणतात तसा शेवटीच लागतो. म्हणून त्या दोघांचं पान मी नेहमी वेगळं, हाताने करते. ते दारावर टांगलं.

आणि काम पळायला लागलं. "गांडूळ" आला की मान कपाटाकडे, "पाणथळ" आला की समोर. शोधावं लागत नव्हतं, माझ्या मानेलाच ठाऊक होतं. पूर्वी दिवसाला तीस पानं व्हायची, ती पन्नास व्हायला लागली. मी नणंदेला दिवसातून तीनदा फोन करत होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वहिनी, मलाही नोकरी आहे."

उगाच गोडवे गात नाही. बॅटरी दोन तासांत मान टाकायची. कपाळावर असा लाल पट्टा उठायचा की दूधवाल्याने विचारलं, कुठे पडलात का. अक्षर बारीक असलं की कडा विरघळायच्या, म्हणून सगळं दीडपट मोठं करून घेतलं. नवरा चहा घेऊन आला तर त्याच्या पोटावर अख्खा 'प' वर्ग दिसायचा. त्याला मी तेवढ्यापुरतं सरक म्हणायचे आणि तो घाण्याच्या बैलाला झापडं लावतात त्याबद्दल काहीतरी पुटपुटायचा. पण नाचता येईना अंगण वाकडे असं मला म्हणायचंच नव्हतं. मला नाचता येत होतं.

बाबा बुधवारी दुपारी आले. सकाळीच नवऱ्याने टेबल खोलून बाहेरच्या खोलीत भिंतीला उभं केलं होतं आणि खिडकीखाली, माझ्या जागी, कॉट लावली होती. माझी खुर्ची आणि एक पाटाएवढं टेबल उरलेल्या कोपऱ्यात आलं. आता परतीचा दोर कापला होता.

बाबा जुळारी होते. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले: डाव्या हातात पट्टी, उजव्या हाताने समोरच्या लाकडी केसमधून एकेक अक्षर उचलायचं, शेकडो खणांतून, न बघता. माझं डोक्यावरचं यंत्र त्यांनी नीट निरखलं.

"सूनबाई, हे काय बांधलंयस?"

मी त्यांना घालून दाखवायला गेले, पण त्यांचा जाड चष्मा आत मावेना आणि चष्म्याशिवाय त्यांना नुसतं धुकं दिसलं. "राहू दे," ते म्हणाले. "तू सांग. कुठे काय ठेवलंयस?"

मी बोटाने दाखवत गेले. स्वर तुमच्या डोक्याशी, खिडकीत. क कपाटावर. च कॅलेंडरवर. ते ओठ हलवत ऐकत होते. दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "म्हणजे केस आहे ही. तू केसच्या आत बसलीयस. आम्ही बाहेर उभे असायचो, एवढाच फरक."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आठवडाभर मी नवऱ्याला जे समजावत होते ते या माणसाला न बघता कळलं होतं.

"क्ष शेवटी का?" त्यांनी विचारलं. "कोपऱ्यातला खण वाईट. हात जायचा विसरतो. एकदा आमच्या वर्तमानपत्रात दिलगिरीची चौकट होती. मोठ्या अक्षरात क्षमस्व लिहायचं. क्ष चा खिळा पडला आणि छापून आलं 'मस्व'. आता त्याची माफी मागायची तर पुन्हा क्षच लागणार. मालक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही."

गुरुवारभर मी पानांचे आकडे ताडून पाहिले. बाबा कॉटवर पडून मला बघत होते. मधूनच विचारायचे, "आत्ता त मध्ये होतीस ना?" आणि मी खरंच त मध्ये असायचे. त्यांना माझ्या मानेवरून कळत होतं. आमचा तो खेळच झाला. मी मुद्दाम फसवायला फळीकडे बघायचे आणि ते म्हणायचे, "खोटं. हात हलला नाही तुझा."

शुक्रवारी चार वाजता सगळ्या नोंदी संपल्या. आता एकेक पान उचलून एका फाइलमध्ये एकाखाली एक लावायचं, की झालं. मी खिडकीपासून सुरुवात केली. कपाट, कॅलेंडर, स्विचबोर्ड, भिंत, फळी. चार वाजून पस्तीस मिनिटांनी 'ळ' च्या शेवटच्या नोंदीखाली कर्सर लुकलुकत होता. मी मेलला फाइल जोडली. टेबल गेलं आणि काम राहिलं. मला नवऱ्याला हाक मारायची होती, नणंदेला फोन करायचा होता, सगळं एकदमच.

"झालं, बाबा," मी म्हटलं. "पाठवते."

"झालं?" ते कोपरावर उठून बसले. "सूनबाई, मी आल्यापासून तू दाराकडे एकदाही बघितलं नाहीस."

मला क्षणभर कळेना. मग माझ्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची. बुधवारी खुर्ची कोपऱ्यात आली तेव्हा माझी दाराकडे पाठ झाली होती. समोर मॉनिटर असते तर राहिलेलं पान डोळ्यांत खुपलं असतं. या यंत्रात मात्र जिकडे बघावं तेवढंच जग असतं. आणि जो कागद मला विचारायचा, क्ष-ज्ञ जोडले का, तो बाहेरच्या खोलीत उभ्या टेबलाच्या काचेखाली भिंतीकडे तोंड करून होता.

मी वळले. दारात क्ष टांगलेला होता, दीडपट मोठा, पहिल्या दिवशी ठेवला तसा. क्षरण. क्षार. क्षारता. क्षारपड जमीन, तिच्याखाली अकरा पोटनोंदी. मातीवरचं पुस्तक आणि सूचीत क्षार नाही, म्हणजे स्वयंपाकाच्या पुस्तकात मीठ नाही. दोन दिवस त्याचे पानांचे आकडेही तपासले नव्हते.

"किती वाजले?" मी विचारलं.

"पावणेपाच होतायत. घाई करू नकोस. आकडे मोठ्याने वाच, मी पुस्तकात बघतो."

छापील प्रूफांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर टाकला. मी आकडा वाचायचे, ते अंगठ्याने पान काढायचे आणि "आहे" म्हणायचे. त्यांचा अंगठा माझ्या कर्सरपेक्षा भरभर चालत होता. क्षारपड जमिनीत एकदाच थांबले. "तीनशे सहा नाही. तीनशे साठ." मी आकडा फिरवला. ज्ञ मध्ये बिचाऱ्या दोनच नोंदी होत्या, दोन्ही बरोबर. चार सत्तावन्नला मेल गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी हेडसेट काढला आणि कॉटच्या कडेला बसून सरळ रडले. बाबांनी प्रूफांचा गठ्ठा ठोकून सारखा केला.

"मस्व," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

शनिवारी नणंद आली, तिने आधी माझं कपाळ बघितलं आणि मग विचारलं, "काय वहिनी, रोजच्या कामाला चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. "पळेल. पण त्याला मागे डोळे नाहीत."

"मग काय करायचंय? परत नेऊ?"

मी बाबांकडे बघितलं. टेबल आता नणंदेने बोलावलेल्या टेम्पोत चढलं होतं. त्याच्या काचेखालचा कागद मी काढून घेतला होता आणि तो माझ्या हातात होता. काम राहणार होतं, हे मला कालच कळलं होतं. ते कुणाच्या भरवशावर राहणार होतं, ते अजून कुणी बोललं नव्हतं.

"ठेव तो इथेच," बाबा नणंदेला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण तो क्ष दारातून काढ. तिथे तुझी पाठ असते. माझ्या उशाशी लाव. औषध घेतलं का विचारायला तू दर तासाला इकडे बघतेसच."

मी पट्टा डोक्यावर चढवला. दारातलं पान चिमटीत धरून कॉटवरून आणलं आणि उशीच्या वर, भिंतीला सोडलं.

"लावला?" त्यांनी विचारलं.

"लावला."

बाबांनी उशीवरचं डोकं जरा बाजूला सरकवलं, त्याला जागा करून द्यायला.