पल्याडचा काठ

साखरखेर्ड्याच्या वाहेदनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि नारायणराव देशमुखांच्या बैठकीच्या भिंतीवर समुद्र काढायचा विडा मात्र त्यानंच उचलला. देशमुखांच्या लेकीला मुंबईचं स्थळ मिळालं होतं. आख्ख्या मध्यप्रांत-वऱ्हाडात आपल्याशिवाय कोणाच्या घरी समुद्र नाही, असं व्याह्यांना सांगायची देशमुखांना हौस. वाहेदला गाव रंगवाला म्हणायचं. दमणीची, म्हणजे छोट्या बैलगाडीची, चाकं आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात त्याची उमर गेली होती, चित्र काढायला तो कोणाकडे शिकला नव्हता. एकदा तरी कोणी आपल्याला चितारी म्हणावं, यासाठी तो काहीही करायला तयार होता. त्यानं ते केलंही.

आधी तो लोणारला जाऊन तळं पाहून आला. हिरवं, कुबट पाणी. तसंच फळीवर उतरवून त्यानं फातिमाफुफीला, म्हणजे बापाच्या बहिणीला दाखवलं.

"हे तं डबकं हाय रे," ती म्हणाली.

पंचक्रोशीत समुद्र पाहिलेली ती एकटीच. नवऱ्याबरोबर हजला निघाली, आणि नवरा जहाजावरच तापानं गेला. जमीन लांब होती, म्हणून कफनात बांधून, पायांना वजन लावून त्याला पाण्यात सोडलं. परत आल्यापासून फुफीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चांगल्या माणसानं तिला विचारलंही नसतं. वाहेद रोज दुपारी तिच्या ओसरीवर ठाण मांडून बसू लागला.

"फुफाले सोडलं तवा पानी कसं होतं?"

"निळं."

"वरून निळं का खालून बी? अन् फेस किती आला?"

"काऊन छळून राह्यला बे मले?"

छळतच होता. ती रडायला लागली की हा डिंकाच्या पाण्यात नीळ आणि काजळ कालवून तिच्यापुढं धरायचा. असं का? अजून काळं? ती पदरानं डोळे पुसून मान हलवायची. शेवटी एके दिवशी तिनं सगळंच सांगून टाकलं. "चारी बाजूनं पानीच पानी. काठ म्हनून कुठीच नाई. फळी तिरपी केली, अन् गेले ते." मग त्याचा हात धरून म्हणाली, "एवढं कर बेटा. तुह्या चित्रात पल्याड काठ काढ. मले वाटंन, लागले कुठीतरी."

वाहेदनं कसम खाल्ली.

भिंत खरोखर साधली. पाहायला येणारे उंबऱ्यातच थबकायचे, पाय आत टाकायला बिचकायचे. पार वर, दूर, त्यानं हिरवी बारीक रेघ ओढली होती. ती त्याला सलायची. सगळं चित्र तिथं मरतं, हे त्याला कळत होतं.

देशमुख आले, पाहिलं आणि खो खो हसले. "वाहेद्या, हे तं आपली खडकपूर्णा नदी झाली बे! पूस तो काठ. व्याही हासतीन."

दुसरा कोणी असता तर निदान एकदा हात जोडले असते. वाहेदच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शब्द मोडायचा होताच, आता मोडायला मालकाचा हुकूम मिळाला. त्यानं ओल्या फडक्यानं रेघ पुसली आणि आभाळ पाण्यात मिसळून टाकलं. देशमुखांनी पाठ थोपटली. "चितारी हायेस गड्या, पक्का चितारी!"

फुफीला त्यानं बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली आणि बराच वेळ भिंतीवर नजर फिरवत राहिली.

"वाहेद, काठ कुठी हाय?"

देशमुखांचं नाव सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तारीफ डोक्यात चढली होती. हे चित्र दुसऱ्याच्या हुकमानं पुरं झालं, असं त्याला म्हणवेना.

"समुद्राले काठ नसते, फुफी. तूनंच तं सांगतलं."

फुफीनं मान हलवली. तिनं सांगितलं होतं खरं.

"मंग अजून बुडूनच राह्यले ते," ती हळू म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं पाण्याकडे हात नेला.

"हात नको लावू!" वाहेद खेकसला. "ओलं हाय."