मागच्या सीटवरचं वजन

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर गाडीचं मागचं चाक चढलं, उतरलं आणि खर्रर्र असा आवाज आला. चिरंजीवांनी आरशात पाहिलं. टायर काही त्या आरशात दिसत नाही. दिसते ती मागची सीट, आणि सीटवर त्यांची आई बसली होती.

"परत घासला," चिरंजीव म्हणाले.

 आई जरा आत सरकून बसली, जणू तेवढ्यानं काही हलकं होणार होतं.

गल्लीत तिला सगळे पार्सलबाई म्हणत. टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीशी बसून लोकांना "वजन जास्त होतंय, थोडं काढा" असं सांगण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. आता तेच वाक्य घरात तिच्याभोवती घोटाळत होतं आणि कुणी उघड म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर दोन शब्द ऐकवता तरी आले असते.

गाडी चांगली होती. पण मागच्या वर्षी चिरंजीवांच्या डोक्यात भूत शिरलं. त्यांनी मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या, रुंद टायर घातले आणि गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणली. दिसायला ऐटबाज झाली खरी. सूनबाई म्हणाली, "लोक गाडीत चढतात, आपण उतरायचं." तिच्यावर चिरंजीव दोन दिवस फुगून बसले होते. त्यानंतर वर्षभर कसलीही तक्रार नव्हती. घासायला लागलं ते गेल्या महिन्या-दीड महिन्यात.

आणि नेमकं याच दिवसांत अक्काकडे जायचं होतं. अक्का म्हणजे पार्सलबाईची थोरली बहीण. तिला अर्धांगाचा झटका आला आणि तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शुश्रूषागृहात ठेवलं. भेटायची वेळ गुरुवारी आणि रविवारी दुपारी, तीही तासाभराची. पार्सलबाईचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नव्हते. टॅक्सीचं नाव काढलं की चिरंजीवांचा चेहरा पडायचा. "दारात गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील? या खेपेला नक्की दुरुस्त होतेय."

या खेपेला, या खेपेला करत चार भेटी हुकल्या होत्या.

फोनवर अक्का एकेक शब्द चाचपडत बोलायची. "ये...तेस?"

"येते गं. गाडीचं जरा काम निघालंय."

"अजून?"



गाडी मिस्त्रीकडे जायची आणि परत यायची. आधी त्यानं मडगार्डची आतली कड गरम करून, दाबून वर वळवली. मग चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा पुढे आलेला तुकडा कापला. मग शॉकअप तपासले. दर वेळी तो गाडी खड्ड्यांतून फिरवून आणायचा आणि म्हणायचा, "कुठं घासतेय दादा? बोट जातंय मध्ये, बघा." चिरंजीव बघायचे. बोट जात असे. गाडी घरी आणून आईला बसवलं, की गल्लीच्या तोंडाशी खर्रर्र.

गाडी मिस्त्रीकडे गेली की घरात एक पाहुणा यायचा. डिकीतला वूफर. लाकडी पेटी, तिच्यात दोन मोठे स्पीकर, शिवाय खाली स्क्रूनं बसवलेला ॲम्प्लिफायर. चिरंजीव आणि शेजारचा घड्याळवाला दोघं मिळून तो वर आणत आणि जुन्या चादरीत गुंडाळून हॉलमध्ये ठेवत. पार्सलबाईनं केर काढताना एकदा तो सरकवायला घेतला, तर जागचा हलला नाही. तेव्हापासून तिनं त्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. चिरंजीव यायच्या आत कप उचलायचा आणि डाग पुसायचा.

एका संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातून चिरंजीवांचं फोनवरचं बोलणं ऐकलं. "तसा नाही घासत हो. मागं आई बसली की." मग थोडं थांबून, आवाज उतरवून, "छे, तिला कसं सांगणार?"

त्या रात्रीपासून पार्सलबाईनं अर्धी पोळी कमी केली. मग भात बंद केला.

"आई, बरं वाटत नाही का?" सूनबाईनं विचारलं.

"भूक नाही."

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"कशानं? गाडीनं?" पार्सलबाई म्हणाली, आणि ताट उचलून उठली.

आज गुरुवार. सकाळीच गाडी मिस्त्रीकडून 'एकदम ओके' होऊन आली होती. चिरंजीवांनी मोठ्या हौसेनं पुसूनबिसून काढली होती. आईला हात धरून बसवलं होतं. आणि पहिल्याच गतिरोधकावर हे असं.

चिरंजीवांनी गाडी कडेला घेतली. उतरून चाकाशी वाकले. रबर घासल्याचा कडवट वास खिडकीतून आत आला.

"उद्या परत टाकतो," ते आत बसत म्हणाले. "मावशीकडे रविवारी जाऊ."

"रविवारी नाही. आज."

"अगं आई, असं घासत घासत एवढ्या लांब गेलो तर टायर फुटेल."

"मग आत्ता मिस्त्रीकडे घे. मी बसलेली आहे तशीच. माझ्यामुळं घासतंय ना? त्याला बघू दे मला. एवढे दिवस तो रिकाम्या गाडीला तपासतोय."

चिरंजीव कानापर्यंत लाल झाले. "तुझ्यामुळं असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. म्हणून तर अडलंय सगळं. चल."

चिरंजीवांनी गाडी सुरू केली आणि वळवली ती घराच्या दिशेनं.

"इकडं कुठं?"

"वूफर उतरवून ठेवतो आधी. तिथं कुणाचेही हात लागतात. वायरी ओढतात."

पार्सलबाई पुढच्या सीटची पाठ धरून पुढे वाकली. "दर वेळी उतरवतोस?"

"दर वेळी. तुला माहीत आहे की. हॉलमध्येच तर असतो."

"आणि गाडी आली की परत चढवतोस."

"मग काय, हॉलमध्येच ठेवू?"

"कधी आणलास हा?"

"झाला असेल महिना-दीड महिना... म्हणजे..." चिरंजीवांनी मनात हिशेब केला असावा, कारण वाक्य पुरं झालं नाही. गाडीचा वेग आपोआप कमी झाला.

"मिस्त्रीकडे," पार्सलबाई म्हणाली. "खोक्यासकट."

मिस्त्री गॅरेजच्या दारात कुणाचा तरी बंपर पुसत होता. तीच गाडी पाहून त्यानं फडकं खाली टाकलं. "दादा, आता मला गाडीच घासायची राहिली. अजून काय करू?"

"डिकी उघडा," पार्सलबाई आतून म्हणाली.

मिस्त्रीनं डिकी उघडली आणि आत वाकून पाहिलं.

"हे काय आहे?"

"वूफर," चिरंजीव पुटपुटले.

"हा इथंच असतो?"

"तुमच्याकडे येताना काढून ठेवतो."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "मी त्या खड्ड्यांतून रिकामी गाडी नाचवतोय, लोक हसतायत मला. आणि हा धोंडा घरी आराम करतोय. चाकाच्या मागं ठेवलेलं वजन दुप्पट छळतं दादा, गाडी तिथंच बसते."

"आता आधी मी उतरते," पार्सलबाई म्हणाली. "नुसत्या खोक्यासकट फिरवून आणा. मग खोका काढा आणि मला बसवा. सगळं नीट बघू."

मिस्त्री तसा फिरून आला. नुसत्या खोक्यानं घासलं नाही. मग चिरंजीवांनी आणि त्यानं मिळून खोका उतरवला, पार्सलबाई बसली, आणि गाडी पुन्हा खड्ड्यांतून गेली. तेव्हाही घासलं नाही. दोघं एकदम असले की मात्र पहिल्याच उसळीला खर्रर्र.

पार्सलबाईला क्षणभर वाईट वाटलं. सगळा दोष खोक्याचा निघाला असता तर बरं झालं असतं. पण निम्मा तरी निघाला होता.

"उपाय दोन," मिस्त्री म्हणाला. "स्प्रिंगखाली रबरी चकत्या टाकून गाडी उचलतो. चकत्या उद्या मिळतील. नाहीतर आज दोघांतलं एक इथं राहील."

चिरंजीव फरशीवर ठेवलेल्या खोक्याकडे बघत उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घातलं. मग पुन्हा खोक्याकडे पाहिलं. "मागच्या सीटवर ठेवला तर? आईच्या शेजारी? वजन पुढे येईल ना."

"आणि काकूंना डिकीत?"

पार्सलबाईनं घड्याळात पाहिलं. भेटीची वेळ सुरू झाली होती. तिला ओरडावंसं वाटलं, पण तोंडून आलं ते निराळंच. "आठवडे झाले मी जेवताना पोळ्या मोजतेय," ती म्हणाली. "आणि तू या लाकडाला चादर पांघरतोस."

चिरंजीव उठले. आईच्या चेहऱ्याकडे त्यांनी आज पहिल्यांदा आरशातून नाही, समोरून पाहिलं. मग त्यांनी खोका गॅरेजच्या कोपऱ्यात, तेलकट डब्यांच्या शेजारी सरकवला. त्यावर झाकायला काही मागितलं नाही.

"उद्या चकत्याही टाका," ते मिस्त्रीला म्हणाले. "दिसू दे कशी दिसायची ती."

शुश्रूषागृहात पोचले तेव्हा वेळ संपायला थोडीच मिनिटं उरली होती. वाटेत एकदाही आवाज झाला नाही. पार्सलबाईचा राग अजून उतरला नव्हता. चार भेटी कुणी परत देणार नव्हतं.

अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिनं बहिणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"वाळ...लीस," ती म्हणाली. "का गं?"

चिरंजीव दारातच थबकले.

"गाडीत मावायचं होतं," पार्सलबाई म्हणाली.

अक्काला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं चालत्या हातानं बिस्किटांची बशी बहिणीकडे ढकलली. पार्सलबाईनं एक घेतलं, खाल्लं. दुसरं घेतलं. मग मागं न पाहता हात मागे केला आणि म्हणाली, "उभा काय राहिलास? पाणी आण."