तोंड फिरवून प्यायचं

माणसाचं अंग मला त्याच्या तोंडापेक्षा लवकर कळतं. बुसान बंदरावरच्या या न्हाणीघरात मी एकतीस वर्षं बायकांची अंगं घासते आहे. हिरवा खरखरीत हातमोजा चढवला की कोणाची कंबर गेली आहे, कोणाचा नवरा हात उगारतो, कोण दुखणं अंगावर काढते आहे, सगळं आपसूक हाताला लागतं. लागलेलं बोलून मात्र दाखवायचं नाही, असा आमच्या धंद्यातला दंडक. तो मी इमानाने पाळत आले, आणि त्याची मला आता लाज वाटते.

मागच्या गल्लीत मिग्यंगचं सूपचं दुकान आहे. आदल्या दिवशी ढोसलेली माणसं सकाळी तिच्याकडे उताऱ्याचा गरम रस्सा ओरपतात आणि तिथून घाम काढायला आमच्याकडे येतात. पुरुष वरच्या मजल्यावर, बायका खाली. तिचा नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा तिची ग्यूरी चार वर्षांची होती. मिग्यंग पहाटे पोरीला माझ्याकडे टाकून चुलीपाशी जायची. म्हणजे पोर वाढली ती माझ्या बादल्यांमध्ये, आणि तिला वळण लावलं ते मी.

वळणाच्या बाबतीत मी खडूस आहे, हे सगळी गल्ली सांगेल. मोठ्यांनी काही दिलं की दोन्ही हातांनी घ्यायचं. नको म्हणायचं नाही. त्यांच्यासमोर पिताना तोंड एका बाजूला फिरवायचं आणि एका दमात संपवायचं, त्यांच्याकडे टकामका बघत प्यायचं नाही. सात वर्षांची ग्यूरी तांदळाचं गोड पाणीसुद्धा अशी अदबीने मान वळवून प्यायची की गरम पाण्याच्या टाकीत बसलेल्या म्हाताऱ्या हसून बेजार व्हायच्या. माझी कॉलर ताठ व्हायची.

आता ती चोवीस वर्षांची आहे. जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागून तीन महिने झाले होते. तीन महिने संपले की नोकरी पक्की करायची की नाही ते ठरणार होतं, आणि ठरवणार होता तिच्या विभागाचा साहेब. गुरुवारी संध्याकाळी त्याने सगळ्या विभागाला जेवायला नेलं होतं.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला मिग्यंग तिला दंडाला धरून आत घेऊन आली. स्वतःच्या अंगावर अजून दुकानाचा एप्रन.

"ताई, हिला जरा उकळत्या टाकीत बुडवा आणि चांगली घासून काढा. काल पिऊन आलीय महाराणी. पहाटे पाचला दुकानाच्या पायरीवर बसलेली सापडली. दोन वाट्या रस्सा घातलाय, जवाचं पाणी पाजलंय, तरी शुद्धीत येईना."

मी लागलीच तोंडसुख घेतलं. सूपवालीच्या पोरीला आपला कोटा कळू नये, म्हणजे हद्द झाली. आता साहेब काय म्हणेल. असं बरंच काही. ग्यूरी एरवी उलट उत्तर देणारी पोर. त्या दिवशी ती नुसती खाली फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो मावशी."

मिग्यंग कपाटांपाशी बाकावर टेकली. मी ग्यूरीला कपडे काढायला सांगितलं आणि मोजा भिजवायला घेतला. आमच्याकडे आधी फवाऱ्याखाली अंग धुवायचं, मग अर्धा तास टाकीत, मग घासून घ्यायला माझ्या फळीवर. मी सहज वळून बघितलं तर तिची बनियन उलटी होती. शिवण बाहेर. आणि दोन्ही दंडांवर आतल्या बाजूला निळे डाग होते, अंगठ्याएवढे. तसेच मांडीवर.

पिऊन पडलेल्या बाईचे डाग मी हजार वेळा पाहिलेत. गुडघा, कोपर, ढुंगण. पडून कोणाच्या दंडाला आतून अंगठे उमटत नाहीत.

मला तीन हिवाळ्यांपूर्वीची मुलगी आठवली. कुठली कोण, नाव माहीत नाही. अशीच सकाळी आली होती, असेच डाग होते, आणि सारखी म्हणत होती, अजून घासा, अजून जोरात. मी घासलं. लाल होईपर्यंत घासलं आणि वर म्हटलं, बघ कशी लोण्यासारखी झालीस. दहा दिवसांनी ती एका पोलीस बाईला घेऊन आली. तुम्ही काय पाहिलंत, असं त्या बाईने मला विचारलं; पुरावा तर मीच घासून काढला होता. जाताना ती मला एक कागद देऊन गेली, त्यावर अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या केंद्राचा नंबर होता. ती मुलगी मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ग्यूरीचा हात फवाऱ्याच्या चावीवर होता. मी चप्पल टाकून धावले आणि तो हात धरला.

"थांब. पाणी सोडू नकोस."

"मावशी, मला अंग धुवायचंय."

"माहितीय. नको धुऊस. किती प्यायली होतीस काल?"

"तीन पेले."

"खरं सांग."

"तीनच. सोजूचे छोटे. आईला विचारा, मला दीड बाटलीनेही काही होत नाही."

हे खरं होतं. पोर दुकानात वाढलेली, तिला आपलं माप ठाऊक होतं. मी तिच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला, खाली बसवलं, आणि त्या तीन पेल्यांनंतर काय झालं ते विचारलं. ती तुकड्या तुकड्यांनी सांगत गेली. आठच्या सुमाराला साहेबांनी सगळ्यांना नशा चढू नये म्हणून प्यायचं औषध वाटलं, दुकानात मिळतात त्या छोट्या बाटल्या. हे तर सगळीकडेच चालतं, चांगला साहेब असंच करतो. बाकीच्यांनी आपापली टोपणं फिरवून उघडली. तिची त्यांनी स्वतः उघडून दिली होती.

"उघडून दिली? आणि तू घेतलीस?"

"साहेबांनी दिलं, मावशी. दोन्ही हातांनी घेतली. तोंड फिरवलं आणि एका दमात संपवली. खारट लागली. पण ते औषध कडूच असतं, म्हणून काही बोलले नाही. मग पाय जड झाले. मग एका खोलीतलं छत आठवतं. मग टॅक्सी. मधलं काहीच नाही. मी आठवायला जाते तर तिथे काही नसतंच."

दोन्ही हातांनी. तोंड फिरवून. एका दमात. कोणी शिकवलं होतं हे तिला? मला तिथेच फळीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण डोकं आपटायला नंतर जन्म पडला होता.

मी कपाटातून तो कागद काढला आणि केंद्राला फोन लावला. पलीकडे नर्स होती, आवाजाने तरुण, पण बोलणं ठाम. ती म्हणाली की अशी काही औषधं असतात, रंग नाही, वास नाही, दारूत किंवा कशातही मिसळतात. माणूस चालतं-बोलतं दिसतं, बघणाऱ्याला वाटतं प्यायलंय, आणि त्याला स्वतःला पुढचं काही आठवत नाही. वर दारू असली तर श्वासही बंद पडू शकतो, तेव्हा ती जागी आहे ना, नीट श्वास घेते आहे ना, ते बघत राहा. आणि यातली काही औषधं बारा तासांत लघवीवाटे निघून जातात, मागमूस राहत नाही. आंघोळ नको, दात घासणं नको. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत घाला, प्लास्टिकच्या नको. लगेच या. मी घड्याळ पाहिलं. साडेसात. बारा तास आठ वाजता भरत होते.

"आणि उशीर झाला तर?"

"तरी या. रक्त असतं, पुढे केसांतूनही कळू शकतं. उशीर झाला म्हणून घरी बसू नका."

ग्यूरीने माझी बाही ओढली. तिला लघवीला जायचं होतं. आईने पाजलेलं सगळं पाणी आता उतरत होतं. पहाटेपासून एकदा जाऊन आली होती आणि आता दम धरवत नव्हता. नर्स म्हणाली, टॅक्सीने अर्धा तास लागणार असेल तर रोखू नका, स्वच्छ बाटलीत धरा, झाकण घट्ट लावा, वेळ लिहा, गार ठेवा. मी पाण्याची नवी सीलबंद बाटली फोडली, पाणी मोरीत ओतलं आणि ती तिच्या हातात दिली. भरून आणली तेव्हा वर कागद चिकटवून सात पस्तीस लिहिलं, आणि टॅक्सी येईपर्यंत थंड पेयांच्या फ्रिजमध्ये, तांदळाच्या गोड पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली. फ्रिजच्या दारापुढे मी स्वतः उभी राहिले. एक म्हातारी काहीतरी थंड घ्यायला आली, तिला मी असं काही हाकललं की ती अजून माझ्याशी बोलत नाही.

एवढ्यात मिग्यंग उठून आली. हे काय चाललंय, हिला अजून टाकीत का नाही घातलं, म्हणाली. मी तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. आधी ती हसली. मग चिडली.

"ताई, काहीही काय बोलता? देवमाणूस आहे तो. सकाळी सहाला स्वतःहून मेसेज केला मला. कोण साहेब करतो एवढं? आणि उद्या चौकशी झाली तर नोकरी जाईल हिची. गल्लीत काय सांगू मी?"

"काय मेसेज केला?"

"काळजीनेच केला की. हे बघा."

तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तिनेच वाचलं. "आई, ग्यूरीला काल थोडी जास्त झाली. रागावू नका. तिला भरपूर पाणी पाजा, गरम पाण्याने छान आंघोळ घाला. अंगावरचे कपडे खराब झालेत, धुऊन टाकलेत तर बरं. सोमवारी ताजीतवानी होऊन येऊ दे."

पहिल्या ओळी ती मोठ्याने वाचत होती. कपड्यांपाशी आवाज बारीक झाला. शेवटचं वाक्य तिने वाचलंच नाही, ते मी पुढे पोलिसांकडून ऐकलं.

"स्कर्ट आणि ब्लाउज," ती म्हणाली, "मशीनमध्ये लावून आलेय मी. ताई, मी त्याला धन्यवाद पाठवले."

मला तिची कीव आली आणि रागही आला, आणि त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच होता. मी म्हटलं, रडायचं असेल तर टॅक्सीत रड, आधी पळ आणि मशीन बंद कर. ती पळाली. मशीनमधलं सगळं धुऊन झालेलं होतं. ग्यूरीच्या अंगावरचे आतले कपडे तेवढे राहिले होते. ते आम्ही बेकरीच्या कागदी पिशवीत घातले आणि तिला माझा सदरा आणि विजार दिली. त्या पोरीला मी इतकी वर्षं उघडी पाहिली आहे, पण त्या दिवशी कपडे बदलताना तिने माझ्याकडे पाठ केली.

टॅक्सीत मी पुढे बसले. मागे ग्यूरी काचेला डोकं टेकून होती, आणि तिच्या शेजारी मिग्यंग ती बर्फात गुंडाळलेली बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती. पूल ओलांडल्यावर मिग्यंग म्हणाली, "पाणी मीच पाजलं तुला." ग्यूरीने डोळे उघडले नाहीत, पण हात सरकवून आईच्या एप्रनचं टोक धरलं. केंद्राच्या दारात पोचलो तेव्हा सव्वाआठ होऊन गेले होते.

त्या बाटलीत औषध सापडलं. अगदी थोडं, पण सापडलं. तिथे घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात काहीच नव्हतं. साहेबाने सांगितलं की पोरीनेच जास्त घेतली आणि स्वतःहून सोबत आली. मग पोलिसांनी त्याला तो मेसेज दाखवला. खटला उभा राहिला आहे, निकाल कधी लागेल ते वकीलही सांगत नाही. नोकरी गेलीच. विभागातल्या नऊ जणांपैकी एकीनेच साक्ष द्यायचं कबूल केलं, बाकीच्यांना म्हणे नीट आठवत नाही. त्यांना कोणी काही पाजलं नव्हतं.

पुढे तीन महिने ग्यूरी न्हाणीघराकडे फिरकली नाही. मिग्यंग येऊन सांगायची की घरी दिवसातून चारदा आंघोळ करते, आतून कडी लावून.

गेल्या मंगळवारी दुपारी ती आली. न्हाणीघर रिकामं होतं. तिने कपडे काढले, फवाऱ्याखाली उभी राहिली, अर्धा तास टाकीत बसली आणि येऊन फळीवर पालथी झाली.

"घासा, मावशी."

"दुखलं तर सांग."

"सांगेन."

मी इतकं हळू घासलं की निम्मा मळ तसाच राहिला असेल. मोजा दंडापाशी गेला तेव्हा तिचं अंग ताठरलं. मी हात उचलला आणि वाट बघितली. थोड्या वेळाने तिने स्वतःच दंड पुढे केला.

झाल्यावर मी सवयीने फ्रिजमधून तांदळाच्या गोड पाण्याची बाटली काढली आणि टोपण फिरवणार, तोच थांबले. बंद बाटली तशीच तिच्यापुढे धरली. तिने ती एका हाताने घेतली. टोपण उघडलं, कडकन आवाज आला, तो तिने नीट ऐकला. मग माझ्या समोर बसून, मान जराही न वळवता, सरळ माझ्या डोळ्यांत बघत ती प्यायली. सावकाश, घोट घोट. बाटली संपेपर्यंत तिने नजर काढली नाही, आणि मीही काढली नाही.